म्हात्रेकाकांचे लांब शब्द

आमच्या बिल्डिंगमधले म्हात्रेकाका जिन्यात भेटले, की "काय, बरं आहे ना?" वगैरे विचारत नाहीत. "एम आणि बी दोन्ही असलेला लांब इंग्लिश शब्द सांग," म्हणतात. तुमच्या हातात दुधाची पिशवी असो नाहीतर खांद्यावर सिलिंडर, शब्द दिल्याशिवाय सुटका नाही. मी पहिल्यांदा "अम्ब्रेला" म्हणालो, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे बालवाडीतलं झालं. जरा भारदस्त आण."

काका मूळचे अंबरनाथचेच. शिवमंदिराच्या पलीकडे त्यांची भातशेती होती, तिच्यावर आता आमची बिल्डिंग उभी आहे. त्यामुळे आम्ही सगळे आपल्या शेतात राहतो, असं त्यांना मनातून अजून वाटतं. उभा जन्म फॅक्टरीत मशीनवर गेला. इंग्लिशशी संबंध आला तो लग्नामुळे. मालतीकाकू शाळेत इंग्लिश शिकवायच्या, आणि निम्म्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्यात. होळीच्या सुमारास काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. काकांना हे शब्दांचं खूळ लागलं ते त्यानंतर.

आता बोला! घरात बायको मुकी होऊन बसलीय आणि हा गृहस्थ गावभर शब्द गोळा करत फिरतोय. माझी बायको म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय." मी म्हणालो, "परिणाम व्हायला आधी डोकं लागतं." मी मुळात फटकळ, त्यात सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे फटकळपणाला अधिकृत शिक्का.

एकदा ते माझ्याबरोबर उल्हासनगरला चादरी घ्यायला आले. दुकानातल्या सिंधी शेठने गठ्ठा सोडेपर्यंत यांनी सुरू केलं, "साईं, एम और बी वाला लंबा वर्ड बोलो." शेठ शांतपणे म्हणाला, "साईं, लंबा चाहिए तो कपड़े का थान ले जाओ. वर्ड का स्टॉक नहीं रखता." काका हसले नाहीत. उठून शेजारच्या दुकानात गेले. तिथे "कॉम्बिनेशन" मिळाला, तेव्हा कुठे परत येऊन चादरी बघितल्या.

हे सगळं मी सोसलं. पण परवा हद्द झाली. "उद्या टाकी धुणार, आजच पाणी भरून ठेवा," असा मेसेज मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्याच्याखाली लगेच काकांचं एम आणि बी. एरवी वर्गणीचं नाव काढलं की गप्प बसणारे लोक एकदम विद्वान झाले. कोणीतरी "सबस्क्रिप्शन" टाकलं, त्यात एम कुठाय म्हणून भांडण जुंपलं आणि माझा मेसेज पार वर गेला. सकाळी अर्धी बिल्डिंग तोंडात ब्रश धरून माझ्या दारात. कमिटीने ठरवलं, काकांना ग्रुपमधून काढायचं. ते तोंडावर सांगायची कामगिरी अर्थातच माझ्याकडे.

वर गेलो तर दार उघडंच होतं. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर स्टुलावर. स्वतःचे ओठ बोटांनी दाबून दाखवत ते सांगत होते, "रि-इम्-बर्स-मेंट." काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"काका, हे काय चाललंय?"

"बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई येतात ना, त्या म्हणतात, ओठ मिटून येणारी अक्षरं आधी घ्या. मामा म्हणा, बाबा म्हणा. हिच्यापुढे कार्ड धरलं, हिने उडवून दिलं. बरोबरच आहे. एवढ्या पोरांना इंग्लिश शिकवलेली बाई, ती आता मामा-बाबा करील काय? म्हटलं, हिच्या तोलामोलाचा शब्द आणू. नवीन असला की बघते तरी माझ्याकडे. जुन्याला तोंड फिरवते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फार दिवस गप्प राहिली तर पुढे कठीण आहे म्हणतात. पूर्वी ओरडायची तेव्हा मी कानात कापूस घालायचो. आता नुसता आवाज ऐकायचाय रे तिचा."

कमिटीचा निर्णय मी खिशातच ठेवला. लाज वाटली मला.

"मेंबरशिप?" मी म्हणालो.

"झाला. नाय आवडला."

मी डोकं खाजवलं. आपल्याला येऊन येऊन सोसायटीचंच इंग्लिश येणार. "सबमर्सिबल," मी म्हणालो.

काकांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि स्टूल पुढे ओढलं. "मालती, हा बघ, सेक्रेटरीने आणलाय. पंपाचा आहे, पण लांब आहे."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मागच्या बाकावरच्या पोराने अचानक हात वर केल्यावर बाई बघतात तसं. मग काकांच्या ओठांकडे. काकांनी शब्द तोडून तोडून म्हटला, पुन्हा म्हटला. काकूंचे ओठ मिटले, थरथरले, सुटले.

"ब," काकू म्हणाल्या. मग दम घेऊन, "म."

काका उठून "चहा टाकतो," म्हणत स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज येईना म्हणून मी डोकावलो. लायटर हातात धरून ते ओट्यापाशी उभे होते आणि गॅस लावायचा विसरून "ब, म" पुटपुटत होते. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि गॅस पेटवला.