कलम सात

उरवड्याच्या बबनतात्यांनी आजवर चोवीस मृत्युपत्रं केली आहेत आणि ते अजून ठणठणीत आहेत. चोवीसही मीच टाइप केली. पौडला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षं खरेदीखतं आणि वाटणीपत्रं टाइप करते आहे. माझ्या कागदात चूक निघत नाही, हे कचेरीतले लोकही मान्य करतात.

तात्या येतात ते चपला काढून, टोपी नीट करून. खुर्चीत बसतात आणि एकच वाक्य म्हणतात, "बाई, मी काय उद्या मरत न्हाई. पर आज लिवून ठिवा."

मग कुणाचं तरी नाव उडतं.

तात्यांना दोन मुलगे. थोरला संतोष गावातच असतो, धाकटा विलास सूसला एका मोठ्या सोसायटीत. थोरल्या सुनेनं मटण झणझणीत केलं की गोठा थोरल्याकडे जातो. शेपूची भाजी केली की तो परत धाकट्याकडे. एकदा विलासच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं तात्यांना वहीत नाव लिहायला लावलं आणि "किसके यहाँ जाना है?" असं विचारलं. तात्या तिथूनच माघारी फिरले, दोन वाहनं बदलून थेट माझ्याकडे आले. "त्याच्या दारात मी पाव्हना. मग माज्या मळ्यात त्यो कोन? उडवा!" विलासचा मळा त्या दिवशी गेला. पुढच्या महिन्यात नातीनं फोनवर पाढे म्हणून दाखवले, तेव्हा परत आला.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही, हे मी त्यांना दर वेळी सांगते. ते दर वेळी म्हणतात, "साध्या कागदावर वान्याची यादी करत्यात." शेवटचं मृत्युपत्र तेवढं खरं, आधीची सगळी रद्द, हेही सांगते. तरी जुनी फाडत नाहीत. ट्रंकेत ठेवतात. वर झेरॉक्सच्या दोन प्रती काढायला लावतात. एक थोरल्याच्या घरात टीव्हीवर ठेवतात, सहज नजरेला पडेल अशी.

दोन साक्षीदार ते चहाच्या टपरीवरून धरून आणतात. आता लोक तात्यांना लांबून बघूनच अर्धा चहा टाकून उठतात. डॉक्टरांचा दाखलाही त्यांना दर वेळी नवा हवा असतो. शेवटी डॉक्टर वैतागले. म्हणाले, "तात्या, तुमचं डोकं ठिकाणावर आहे असं मी वर्षातून एकदाच लिहीन. त्याहून जास्त वेळा लिहिलं तर लोक माझ्यावर संशय घेतील."

मला या सगळ्याची सवय झाली होती. जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, छापायची. माणसांच्या घरगुती रागात मी लक्ष घालत नाही. या धंद्यात ते परवडत नाही. पण तोच मजकूर पुन्हापुन्हा डोळ्यांखालून गेला की काही गोष्टी आपोआप दिसतात. मळा फिरायचा, गोठा फिरायचा, विहिरीतलं पाणी फिरायचं. कलम सात मात्र कधी हललं नाही.

"गावठाणातील पश्चिमेकडील एक खोली माझी थोरली बहीण हौसाबाई हिला द्यावी. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस संतोषचे घर, पश्चिमेस ओढा, उत्तरेस हौसाबाईने लावलेले रामफळीचे झाड."

सीमेला झाड घालू नका, झाड मरतं, मिळकत क्रमांक घाला, असं मी पहिल्याच वेळी म्हटलं होतं. "क्रमांक घाला," तात्या म्हणाले, "पर झाडबी घाला."

ही खोली मी पाहिलेली आहे. उरवड्यात कारखाने आल्यापासून तात्यांनी बारा खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. लातूरची, बिहारची पोरं एकेका खोलीत चार-चार राहतात. तेराव्या खोलीला मात्र कुलूप. गावात बोललं जायचं की म्हाताऱ्यानं आत सोनं पुरलंय. सोनं नव्हतं, कलम सात होतं.

तेविसाव्या वेळी दुकानात गर्दी नव्हती, म्हणून मी विचारलं, "तात्या, या हौसाबाई तुमच्याहून केवढ्या मोठ्या?"

"सात-आठ वर्सांनी. तिनं कडंवर खेळवलंय मला."

"मग हे कलम काही कामाचं नाही."

"म्हंजी?"

"मृत्युपत्र तुमच्यामागं लागू होणार. त्या तुमच्या आधी गेल्या तर खोली त्यांना मिळायचीच नाही. त्यांच्या मुलांनाही नाही. तुमच्याच पोरांकडे जाईल."

तात्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. तेवीस वेळांत मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं.

"मग काय करायचं?"

"बक्षीसपत्र. आत्ताच देऊन टाका. नोंदणी करावी लागेल, आणि त्यांनी ते स्वीकारायला हवं. म्हणजे त्यांना समोर निबंधकाच्या ऑफिसात यावं लागेल."

"तिला हितं आनायचं?" तात्या रस्त्यापलीकडे बघत बसले. मग तुटक-तुटक बोलले. याच ऑफिसात आक्काचं हक्कसोडपत्र झालं होतं. बहिणीनं भावाला हिस्सा सोडायचा आणि भावानं तिला साडी घ्यायची, अशी आमच्याकडची रीत. तिनं काही न विचारता अंगठा दिला. तात्यांनी साडी दिली, जिलबी खाऊ घातली. दोन वर्षांत ती जमीन त्यांनी एका कंपनीला विकली. आक्काला ते बाहेरून कळलं. ती एक शब्द बोलली नाही. त्या भाऊबीजेला तिला बोलवायचं तात्यांना धाडस झालं नाही, पुढच्या वर्षी त्याहून नाही. न बोलावता ती यायची नाही. अशी पंधरा वर्षं. सासर घोटावड्याला, मोटारसायकलनं अर्धा तासही लागत नाही.

"बाई, तुमीच फोन करा. सरकारी कामाला बोलावलंय म्हना."

"मी टायपिंग करते," मी म्हटलं. "खोटं बोलावणं करत नाही. तुम्ही जा."

ते गेले. महिनाभर दिसले नाहीत. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

मग एका मंगळवारी रिक्षातून उतरले. मागून काठी टेकत एक वाळलेली, ताठ म्हातारी. तिनं तात्यांचा दंड धरलेला नव्हता. खुर्चीत बसली. मी बक्षीसपत्र टाइप करून छापलं, तशी मला म्हणाली, "वाच."

"आक्का, बाईंचं टायपिंग एकदम—"

"तू गप, बबन्या. मागल्या टायमाला मी वाचून घेतलं न्हाई. आज वाचून घेनार."

मी वाचलं. नावं, वयं, मिळकत क्रमांक. पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस. "उत्तरेस हौसाबाईने लावलेले रामफळीचे झाड."

"थांब." म्हातारीनं काठी आपटली. "त्ये झाड हाय अजून?"

"हाय," तात्या जमिनीकडे बघून म्हणाले.

"तोडलं न्हाईस?"

"खोल्या बांधताना गवंडी म्हनत व्हता तोडा. मंग दोन खोल्या कमी बांदल्या."

"फळं धरतंय?"

"लई."

"मग पंधरा वर्सं कोन खातंय?"

म्हातारीनं पदरानं अंगठा पुसला, उगाचच, कारण शाई अजून लागायची होती. "कुटं जायचं अंगठ्याला?" तिनं मला विचारलं.

नोंदणी झाली. तात्यांनी कनवटीची किल्ली काढून तिच्या हातात दिली. बाहेर येऊन दोघांनी जिलबी घेतली की नाही, ते मला माहीत नाही. माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं.

पुढच्या महिन्यात तात्या हजर. विलासनं गाडी घेतली ती आधी विचारली नाही, म्हणून मळा गेला. मी फाइल उघडली.

"कलम सात काढते. खोली आता त्यांची आहे."

"काढा."

"आणि आठला सात करते."

"न्हाई," तात्या म्हणाले. "आठ आठच ऱ्हाऊ द्या."

म्हणून त्यांच्या चोविसाव्या मृत्युपत्रात सहानंतर एकदम आठ येतं. साक्षीदारांपैकी एकानं ते लगेच पकडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, टायपिंगची चूक आहे.