सासरेबुवा मागच्या तारखेने निवडून येतात

आकड्यांच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या निवडणूक कचेरीत कुणी नाही. मतदारसंघाच्या सीमा नव्याने आखल्या, आता जुन्या निकालांचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "साहेब, प्रत्येक जुनी निवडणूक नव्या सीमांत बसवून देतो. तेव्हा ह्याच सीमा असत्या तर कोण जिंकलं असतं, ते तक्त्यात दिसेल."

दिली बसवून. समुद्राकडची कोळीवस्ती शेजारच्या मतदारसंघात गेली होती, म्हणून तिथली मतं सगळ्या जुन्या निकालांतून वजा केली. तक्ता भिंतीवर लागला, आणि माझे सासरे सोवा शिंपी तरुणपणी सपाटून पडले होते ती निवडणूक चक्क जिंकले!

सासऱ्यांचं पोट डॉक्टरांनी उघडून तसंच शिवून टाकलं होतं. आता फार दिवस नव्हते. जन्मभर गावाने त्यांना 'पडेल सोवा' म्हणून हाक मारलेली. मी मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके आणि तळलेले मासे घेऊन भेटायला गेलो आणि सांगून बसलो.

"म्हणजे मी खासदार होतो?"

"नव्हता, बाबा. हा नुसता हिशेब आहे."

"हिशेब बरोबर आहे ना?"

"चुकेल कसा? मी केलाय."

"मग झालं तर."

त्याच आठवड्यात त्यांनी सुताराला पेटी सांगितली. आमच्याकडे माणूस जन्मभर जे करतो त्याच्या आकाराच्या शवपेटीतून जातो. कोळी माशातून, ड्रायव्हर ट्रकमधून. सासऱ्यांचं शिलाई मशीन ठरलेलं होतं. आता त्याऐवजी संसदेतली खुर्ची, हिरव्या गादीसकट!

"बाबांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं," बायको कोरकोई म्हणाली. मग मीही खुलासा करायच्या फंदात पडलो नाही.

खुर्ची अंगणात आली तेव्हा बघायला गाव लोटलं. त्यात काठी टेकत डेडेईमावशीही आल्या. त्या खऱ्या निवडणुकीत जिंकलेल्या ओकाईंच्या ह्या विधवा.

"सोवा, तू जिंकलास म्हणे."

"सरकारी भिंतीवर लागलंय, डेडेई. तुझ्या नवऱ्याने माझी खुर्ची वापरली."

"बरं झालं सांगितलंस." मावशी पेटीच्या कडेला टेकल्या. "संसद बंद करून सैनिक गावात आले, तेव्हा नाव विचारत नव्हते. खासदार कुठे राहतो, एवढंच विचारत होते. माझ्या दारात आले. म्हणजे घर चुकले म्हणायचं."

ओकाईंना पेटी लागलीच नव्हती, कारण त्यांचं प्रेतच कुणी परत दिलं नाही.

सासऱ्यांनी त्या हिरव्या गादीवरून एकदा हात फिरवला आणि काढून घेतला.

"त्या साली आमची कोरकोई पाळण्यात होती," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जावई, ती कोळीवस्ती परत आत घाल."

"सीमा माझ्या हातात नाहीत, बाबा."

"मग सुताराला मशीन सांग."

मशीनमधूनच गेले. डेडेईमावशी माती पडेपर्यंत उभ्या होत्या. मला फार लाज वाटली.

तेरवी-बिरवी आमच्यात नसते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो आणि तक्ता उतरवा म्हणून साहेबांच्या मागे लागलो. साहेबांनी चष्मा लावून सगळ्या बेरजा-वजाबाक्या तपासल्या आणि माझी पाठ थोपटली.

"अहो, एकसुद्धा चूक नाही. उतरवायचा कशाला?"

तो अजून तिथेच आहे. कोरकोई डबा द्यायला येते, ती हल्ली दाराबाहेरूनच हाक मारते.