सदर इसमाचा रंग पिवळा

आमचे शेजारी म्हात्रेकाका माणसाला माणूस म्हणत नाहीत. इसम म्हणतात. निवृत्त हवालदार आहेत. सगळी नोकरी याच किनाऱ्यावरच्या चौक्यांत गेली, आणि बेपत्ता माणसांची वर्णनं लिहून लिहून जीभ त्याच वळणाची झाली.

मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा काका आत जाऊन काकींच्या कानाशी कुजबुजले. पण ती कुजबूज परेडच्या मैदानावर तयार झालेली. "इसम सडपातळ, रंग सावळा, चेहरा उभट, डाव्या भुवईवर जुना व्रण, अंगात फिकट निळा शर्ट."

बाहेर पोहे खाणाऱ्या मुलाच्या आईने विचारलं, "आमचा मुलगा हरवलाय का?"

लग्न मात्र जमलं. पुढे मांजर हरवली तेव्हा काकांनी नाक्यावर कागद लावला. त्यात शेवटची ओळ होती, "मराठी समजते, बोलत नाही."

पोलीस खात्याबद्दलची माझी मतं छापील आहेत. आमच्या संघटनेची ती पत्रकं वाटताना एक मी काकांच्याही कडीत अडकवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते लाल पेनाने शुद्धलेखन तपासून परत आणून दिलं. "दडपशाहीतला ड कधी उलटा छापतात काय रे? आरोप करायचा तर नीट कर."

तर यंदा पावसाळा सरत आला असताना काका फोन पुढे धरून माझ्या दारात उभे राहिले. "पत्रकवाले, फिर्याद लिहून घे."

त्यांच्या मांडवावरच्या दुधीच्या पानावर एक ढालकिडा बसला होता. ढालकिडा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. अर्ध्या वाटाण्याएवढा, लाल, पाठीवर काळे ठिपके. हा मात्र लिंबासारखा पिवळा. पाठ कोरी. डोक्यामागे पांढरी पट्टी आणि तिच्यावर काळी टिंबं दोन.

"पाठीवर एक पण खूण न्हाय," काका म्हणाले. "बिनखुणेच्या इसमाची ओळख पटवायची कशी?"

कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांना फोटो पाठवायचं ठरलं. मजकूर काकांनी सांगितला. "सदर इसम, रंग पिवळा, बांधा गोल, पाय सहा, दुधीच्या पानावर संशयास्पदरीत्या फिरताना मिळून आला."

"संशयास्पद काय त्यात?" मी विचारलं. "त्याने काय केलंय? तुम्ही लोक गरिबाला आधी संशयित करता आणि मग..."

"बरं, खोड ते. नुसतं फिरताना लिही."

उत्तर येईपर्यंत काकांना चैन नव्हती. सकाळी दात घासता घासता कुंपणावरून हाक यायची, "पटली काय ओळख?"

काकी आतून म्हणायच्या, "पोरीच्या सासरी फोन करा म्हटलं तर येल न्हाय, नि किड्याची चौकशी बघा!"

बाईंचं उत्तर आलं. किडा निरुपद्रवी आहे. पानावर जी पांढरी भुरी धरते ती बुरशी खातो. कूळ कळलं, पण त्या कुळातल्या जाती दिसायला सारख्याच, त्यामुळे नुसत्या फोटोवरून नेमकी जात सांगता येत नाही.

"म्हणजे आडनाव लागलं," काका म्हणाले. "नाव ऱ्हायलं."

नावासाठी किडा स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवायचा होता. बाई पोट उघडून भिंगाखाली तपासणार होत्या. या किनाऱ्यावर पूर्वी नोंद नसलेली जात निघण्याचीही शक्यता होती.

मी उत्साहाने बाटली आणली. ज्ञान सगळ्यांचं आहे, अज्ञान हीच खरी गुलामी आहे वगैरे मी बोललोही. काका ऐकत मांडवाखाली गेले. किडा त्याच वेलीवर होता. त्यांनी बोट पुढे केलं, तसा तो नखावरून चढून मनगटाकडे चालू लागला. दुसऱ्या हातातल्या बाटलीचं झाकण काही उघडेना. उघडेना म्हणजे काका उघडतच नव्हते.

"काका, तुम्हालाच नाव हवं होतं ना?"

"हवं हाय रे."

काकी सूप घेऊन ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांच्यानं व्हनार न्हाय. दर्यातनं वाहून आलेली मानसं मिळायची, कोनी न्यायला आलं न्हाय तर हेच माती द्यायचे. कागदावर 'अनोळखी' लिवायचे. पन माती टाकताना हलूच एक नाव घ्यायचे. कधी रमेश, कधी गणपत. बिननावाचा कसा धाडायचा म्हनून. घरी आले की मंग जेवायचे न्हाईत."

किडा कोपरापर्यंत पोचला होता. तिथून काकांनी त्याला पानावर उतरवलं. पांढरी भुरी असलेलं पान त्यांनी निवडून घेतलं.

"बाईंना लिही," ते म्हणाले. "सदर इसम आपल्या राहत्या जागी सुखरूप मिळून आला. नाव विचारलेलं नाही."

मी फोनवर लिहिलं.

"वाच बघू."

मी वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं. तरी ते म्हणाले, "परत वाच. सुखरूपपर्यंत."