ओढ्याला झेंडी दाखवणारे मन्मथअप्पा

मन्मथअप्पा रोज सकाळी आमच्या घरांमागच्या ओढ्याला झेंडी दाखवायचे. अगदी खरोखरची. पूर्णा जंक्शनवरून गार्ड म्हणून रिटायर झाले, तेव्हा आपली लाल आणि हिरवी झेंडी ते घरी घेऊन आले होते. पाणी नितळ असलं की हिरवी, गढूळ असलं की लाल. ओढा काही थांबायचा नाही, पण पुलावरचे सायकलवाले हटकून थांबायचे.

गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात रेल्वेचा जुना पांढरा कोट. नाव मन्मथ आणि माणूस बिनलग्नाचा! गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "आईबापानं नाव ठेवलं, पुढची जिम्मेदारी घेतली न्हाई," असं अप्पा स्वतःच सांगायचे.

मी त्यांची शेजारीण, शाळेत शास्त्र शिकवणारी. अप्पांचा एक ठरलेला सवाल असे, "त्याला इचारलं का?" कुणी मुलीचं लग्न जमवलं की, "तिला इचारलं का?" मी अंगणातला शेवगा छाटायला माणूस बोलावला, तर कुंपणावरून आवाज आला, "बाई, शेवग्याला इचारलं का?" माणूस घाबरून कोयता टाकून बसला.

एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि खालच्या वस्तीत तर चुलीच वाहून गेल्या. मग योजना आली. ओढ्याच्या दोन्ही काठांना उंच भिंती, तळाला काँक्रीट. गल्ली खूश, मीही खूश. अप्पा मात्र बेचैन.

पुलाजवळच्या पारावर इंजिनिअर साहेबांनी लोकांना बोलावलं. साहेब तरुण होते, बोलायला नम्र. अप्पा उभे राहिले. "खंड्या काठाच्या मातीत बीळ करून ऱ्हातो. त्याला इचारलं का? खेकड्याला? आन तळाला सिमेंट केल्यावर काठचे आड कुठून पाणी पिणार? त्यांला इचारलं का?"

पारावर हशा पिकला. साहेबांनी नम्रपणे रुमालात तोंड लपवलं.

तेवढ्यात मागून कौसाबाईचा आवाज आला. ती खालच्या वस्तीतली, ओढ्याकाठी वांगी-भेंडी लावून बाजारात विकणारी. ते विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या वादाचे दिवस होते. आमच्या गल्लीतली माणसं आणि वस्तीतली माणसं एकमेकांशी जपून, जरुरीपुरतंच बोलायची. कौसाबाई जपून बोलली नाही.

"अप्पा, खंड्याला इचारायलाव, लय चांगलं. आमाला कोन इचारलं? इथं वर भिंती बांधल्या की समदं पाणी जोरानं आमच्याच घरात येतंय की!"

हसू थांबलं. अप्पांच्या सवालांच्या यादीतून माणसंच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी ते झेंड्या घरीच ठेवून तडक खालच्या वस्तीत गेले. कौसाबाईच्या दारात बसले, तिच्या हातचा चहा प्याले, पाणी कुठून येतं, कुठे आदळतं, सगळं विचारून आले. गल्लीत कुजबुज झाली. अप्पांना त्या कुजबुजीची फिकीर नव्हती, कारण ते परसात चिखल कालवत होते.

चार दिवसांनी त्यांनी साहेबांना, कौसाबाईला आणि मला परसात बोलावलं. तिथे चिखलाचा एक ओढा तयार होता. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती आणि शेवटी काड्यापेट्यांची वस्ती. अप्पांनी शिट्टी फुंकली आणि घागर उपडी केली. पाणी विटांमधून सुसाट सुटलं, काड्यापेट्या घेऊन थेट साहेबांच्या बुटात शिरलं.

"आता बगा," म्हणत अप्पांनी विटा काढल्या, काठ उतरता केला, त्यावर हरळीचे गड्डे लावले, एका बाजूला मोकळी जागा सोडली. दुसरी घागर ओतली. पाणी पसरलं, रेंगाळलं. काड्यापेट्या जागच्या जागी.

साहेब बूट उलटा करत म्हणाले, "पटलं. पण खऱ्या ओढ्याला पसरायला जागा कोण देणार?"

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची परसं ओढ्याला लागून. मी आपली शेवग्याकडे बघत उभी राहिले.

"माझं परस घ्या," अप्पा म्हणाले.

"अहो अप्पा, पाणी घरात येईल तुमच्या!" मी म्हणाले.

"येईल आन जाईल. पॅसेंजर हाय ती, मुक्कामाला थोडीच येतीया?"

साहेब मग दोन्ही काठांनी कौसाबाईबरोबर पायी हिंडले. नकाशा बदलला. तळ मातीचाच राहिला, काठाला दगड आणि गवत आलं, वस्तीभोवती बांध झाला. अप्पांच्या परसाची भिंत पाडली. खंड्याची दरड तशीच सोडली.

पुढच्याच पावसाळ्यात ओढा फुगला. पाणी अप्पांच्या परसात पसरलं, ओटा चढलं, खोलीत आलं. अप्पा कोट घालून ट्रंकेवर पाय वर घेऊन बसले होते. खिडकीतून ओरडले, "बाई, वस्तीची काय हालत?"

"कोरडी आहे!"

त्यांनी ट्रंकेवरच टाळ्या पिटल्या.

पाणी ओसरलं. मी पदर खोचून मदतीला जाते तो काय, कौसाबाई अर्धी वस्ती घेऊन हजर. फावडी, घमेली, खराटे. गाळ उपसता उपसता चेष्टामस्करी चालली होती, कुणीतरी गाणं धरलं होतं. त्या घरात इतकी माणसं मी कधीच पाहिली नव्हती. अप्पा आधी गोंधळून नुसतेच इकडून तिकडे हांडे हलवत राहिले. मग त्यांनी स्टोवर भलंमोठं पातेलं चढवलं.

काम झपाट्यानं उरकत आलं. आणि फावडी गायब व्हायला लागली. आधी एक, मग दुसरं.

"आगं बाई, माझं फावडं कुठं गेलं?" कौसाबाई शोधायला लागली.

मी मीठ काढून द्यायला आत गेले. अप्पा खाटेपाशी वाकून घोंगडीखाली तिसरं फावडं सरकवत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोलू नका, बाई," ते पुटपुटले. "काम संपलं की जातील समदी. भात शिजायचाय अजून."

मी बाहेर आले.

"बाई, फावडं दिसलं का?" कौसाबाईनं विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले, आणि माझ्या हातातलं घमेलंही हळूच दाराआड सरकवलं.