खरबुजातला काळा डाग

यंत्रातला बिघाड शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या संस्थेत संशोधनासाठी एक एमआरआय यंत्र आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. माझा नियम साधा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जिच्याशी सगळं ताडून पाहायचं, तिला बोटही लावायचं नाही.

ताडून पाहायला आमच्याकडे पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा गोळा होता. रोज सकाळी तो यंत्रात ठेवायचा, प्रतिमा स्वच्छ आली की यंत्र ठणठणीत. तो गोळा माझ्याच हातून पडून फुटला आणि नवा यायला वेळ लागणार होता. पण अडून बसणाऱ्यातला मी नव्हे. यंत्राला काय, गोल आणि पाणीदार काहीही चालतं. मी घरी जाऊन स्वयंपाकघरातलं खरबूज उचललं.

"दोन दिवसांत कापायला हवं ते," बायको म्हणाली.

"हे कापायचं नाही. हे आता उपकरण आहे."

ती भांडी पुसत राहिली.

पहिल्या दिवशी अशी काही प्रतिमा आली की बघत राहावं. एकेक बी मोजून घ्या! मी खरबुजाला चिकटपट्टीने खुणा केल्या, ते रोज त्याच जागी, त्याच कुशीवर ठेवायचं असं ठरवलं, आणि वर चिठ्ठी लावली: हात लावू नये.

पुढच्या आठवड्यात प्रतिमेत डावीकडे एक काळा डाग उगवला. कडा ओढल्यासारख्या, वाकड्या. आमच्या धंद्यात असा डाग दिसला की शेंबडं पोरही सांगेल, आत धातू पडलाय. पिन, चाप, असलं काहीतरी. मी वळून आमच्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. तिचे केस लांब आहेत.

"सर, मी पिना बाहेर काढूनच आत जाते," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

ती बिचारी उतारवयातल्या जुळ्यांच्या स्मरणशक्तीवर संशोधन करत होती. शेवटची एकच जोडी राहिली होती. दोघी बहिणी शुक्रवारी येणार होत्या, आणि त्यातली एक रविवारी मुलाकडे परदेशी कायमची निघणार होती. म्हणजे शुक्रवार हुकला की पोरीची सगळी मेहनत पाण्यात. ती त्या दिवसापासून केसांना दोरी बांधून यायला लागली.

डाग मात्र वाढत होता. मी यंत्राच्या बोगद्यात पोटावर सरपटत जाऊन कोपरान् कोपरा चाचपला. बाहेर नुसते माझे मोजे दिसत होते, असं नंतर कळलं. पिन सापडली नाही. डोक्याभोवती बसवायचा पिंजऱ्यासारखा भाग असतो, त्याला कॉईल म्हणतात, ती बदलली. डाग तिथेच. तारा बदलल्या. डाग हटेना. शेवटी कंपनीचा इंजिनियर आला. त्याने मला विचारलं, कॉईल बदलली का? तारा बदलल्या का? खरबूज बदललं का, असं त्याने विचारलं नाही. मी तरी कशाला सांगू?

मग तो आत जाऊन नाक वर करून उभा राहिला.

"काहीतरी गोडसर वास येतोय. आतलं आवरण तापतंय बहुतेक."

"मलाही तोच संशय होता," मी म्हणालो. नव्हता.

निर्णय झाला. चुंबक बंद करायचा, यंत्र आतून उघडायचं. हा चुंबक अतिथंड ठेवावा लागतो, त्यामुळे पुन्हा थंड करून सुरू करायला दोन महिने. दिवस शुक्रवारचा. इंजिनियरने हत्यारं मांडली तेवढ्यात दोघी बहिणी येऊन बसल्या, एकसारख्या चष्म्यांत आणि एकसारख्या आवाजात भांडत.

विद्यार्थिनीने त्यांना कसंबसं सांगितलं, "मावशी, यंत्र बिघडलंय. आज नाही जमणार." ती केसांच्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि मला पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं.

"काय झालंय त्याला?" थोरल्या बहिणीने विचारलं. ती सात मिनिटांनी थोरली होती आणि ते दिसत होतं.

मी तिला पडद्यावरचा डाग दाखवला. समजावून सांगण्यातही माझा हात धरणारा कोणी नाही.

"हे खरबूज ना?"

"हो. पण महत्त्वाचा आहे तो डाग. यंत्रातला दोष."

"आणलं कधी?"

"झाले दोन-अडीच आठवडे."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळपासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालेलं दिसलं.

"अहो, नासलंय ते," धाकटी म्हणाली.

इंजिनियर हातातला पाना खाली ठेवून आत गेला. चिठ्ठी बाजूला करून त्याने डावीकडे अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तो गोडसर वास आता आमच्यापर्यंतही पोचला.

"यंत्र उत्तम आहे," तो बाहेर येऊन हात पुसत म्हणाला. "आतली हवा अन् सड, सगळं बरोब्बर टिपलंय." मग तो हत्यारं आवरायला लागला, हा त्याचा मोठेपणा.

मी विद्यार्थिनीची माफी मागितली. तिने केसांची दोरी सोडली, पिशवीतली पिन केसांना लावली, आत जाताना ती माझ्यादेखत काढून टेबलावर ठेवली आणि कामाला लागली. दुपारपर्यंत दोघी बहिणींच्या प्रतिमा काढून झाल्या. सुंदर, स्वच्छ. पोरीचं काम तडीस गेलं.

निघताना थोरली पडद्याजवळ थबकली.

"आमच्या डोक्यांत नाही ना कुठे काळा डाग?"

मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला, दोन्ही प्रतिमा नीट निरखून पाहिल्या आणि अनुभवी माणसाच्या शांतपणाने म्हणालो, "अजिबात नाही. निश्चिंत जा."

तिने मान डोलावली. मग वळून विद्यार्थिनीला म्हणाली, "बाळा, तू बघून सांग गं."