रघुअण्णांचे डबे

हात धुवायला म्हणून मी घरमालकांच्या न्हाणीघरात गेलो आणि दचकून तसाच बाहेर आलो. गीझरशेजारी एक पांढरा डबा होता आणि त्यात निळा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, कॅमेराच.

"वायफाय आहे ते," रघुअण्णा शांतपणे म्हणाले. "धुवा हात. तिकडं स्वल्प वीक होतं."

बेंगळुरूच्या जयनगरातल्या या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर मी पुण्याहून नुकताच राहायला आलो होतो. खाली अण्णा आणि त्यांच्या पत्नी सुमतीअक्का, दोघंच. दोन माणसांच्या घरात वायफायचे डबे मात्र खोलीगणिक. देवघरात, माळ्याखाली, तुळशीपाशी पत्र्याच्या टोपीत, एवढंच काय, मागच्या स्कूटरच्या शेडमध्येसुद्धा. मी स्वतः आयटीतला, पण आमच्या ऑफिसच्या अख्ख्या मजल्यावर इतके डबे नसतील.

भिंती जाड, मोबाइलला रेंज नाही, हे खरं. पण चारचौघं अशा वेळी खिडकीत जाऊन बोलतात. अण्णा भिंतीला भोक पाडतात. घरी आलेल्या पाहुण्यालाही ते चहाआधी कामाला लावत. त्याच्या हातात फोन द्यायचा, बोलत बोलत न्हाणीघरापासून तुळशीपर्यंत चालायला सांगायचं आणि आपण शेडमध्ये बसून ऐकायचं. एक शब्द जरी गळला तरी "सरी, परत!" म्हणजे बरं, पुन्हा पहिल्यापासून. माझे सासरे पहिल्यांदाच बेंगळुरूला आले होते, त्यांनाही फेऱ्या माराव्या लागल्या. वर आल्यावर ते मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकदा न राहवून मी विचारलंच, इतका खटाटोप कशाला?

"बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर देतो ना आपण?" अण्णा म्हणाले. "तसा या डब्यानं फोन त्या डब्याला द्यायचा. मधे रडता कामा नये."

अक्का या सगळ्याला विटलेल्या. भिंतीचा भुगा कोण झाडणार, असं त्या भर अंगणात नवऱ्याला 'मिस्त्री' अशी हाक मारून विचारत. मला या थट्टेची फार गंमत वाटायची.

परवा दुपारी सायकलचा पंप आणायला शेडकडे गेलो, तर अण्णा उलट्या बादलीवर बसून फोनवर बोलत होते. "मला पण करमत नाही गं. तू जेवून घे बघू."

मी हबकलोच. सत्तरीचा माणूस, घरात लग्नाची बायको, आणि शेडमध्ये हे असले उद्योग! पाय मागे घेणार, तोच फोनमधून आवाज आला. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा स्पीकर कायम चालू. आवाज अक्कांचा होता.

"अहो, ऑफिसातून कधी येणार? इथं सकाळपासून एक मिस्त्री आहे. भला माणूस आहे, पण जातच नाही."

म्हणजे अंगणातली ती थट्टा नव्हती तर.

अण्णांनी मला पाहिलं आणि फोनवर हात धरला. "समोर गेलो की ओळखत नाही मला. फोनवर आवाज तेवढा ओळखते," ते हळूच म्हणाले. "बोलताना घरभर फिरते. मधे कट झाला, की मला काही झालं समजून अनवाणी रस्त्यावर धावते. एकदा एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं."

खिडकीतून अक्का दिसत होत्या. फोन कानाला लावून स्वयंपाकघरातून देवघराकडे निघालेल्या. आवाज कुठेही अडखळला नाही. मला एकदम रडू आलं आणि त्या एवढ्याशा शेडमध्ये ते लपवताही येईना.

"ऐकताय ना?" अक्का विचारत होत्या. "तुम्हाला उशीर असेल, तर त्या मिस्त्रीला वाढू का? तोही जेवलेला दिसत नाही."

"वाढ," अण्णा म्हणाले. "मी येतो मागाहून."

फोन खिशात ठेवून ते उठले, नळावर हात धुतले आणि स्वतःच्याच घराच्या दारावर टकटक करून बाहेर उभे राहिले.