चेंडू पुढे देण्याबाबत

शनिवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास काशीराम गमरे पुढचं दार आतून लावून घेत, कानांत इअरफोन घालत आणि ओरडायला लागत. देवरूखजवळच्या त्या वाडीत हे ओरडणं फक्त शेजारच्या गंगुबाईंच्या कानी पडे, कारण त्यांची मागची पडवी गमऱ्यांच्या खिडकीपासून चार हातांवर होती.

"दे ना पुढे! किती वेळ हातात धरून उभा राहशील? सोड! सोड म्हणतो ना!"

गंगुबाई भाजी निवडायच्या थांबत. थोड्या वेळाने पुन्हा आवाज येई, "लाथ मार! अरे मार, बघतोस काय!" समोरून उत्तर मात्र कधीच येत नसे. गंगुबाईंच्या काळजाला घोर लागला होता तो त्याचाच. घरात माणूस एकच. बायको रेणुका तीन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी आम्रपाली ऑस्ट्रेलियात नर्स. मग हा माणूस दर शनिवारी कोणाला धरतो, कोणाला सोडायला सांगतो आणि लाथ नेमकी कोणाला बसते?

खरी गोष्ट अशी होती की काशीराम फुटबॉलची मॅच बघत होते. आपल्याकडचा फुटबॉल नव्हे, ऑस्ट्रेलियातला. आम्रपाली मेलबर्नपासून तीन तासांवरच्या एका लहान गावात वृद्धाश्रमात कामाला होती. त्या गावाचा एक संघ होता. गावातलाच कोणीतरी पत्र्याच्या शेडवर कॅमेरा लावून त्याच्या मॅच इंटरनेटवर दाखवायचा. बघणारे जगभरात मिळून चौदा. त्यातला एक देवरूखचा.

हे वेड त्यांना आपणहून लागलेलं नव्हतं. आम्रपाली गेल्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात? जेवलो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. पाऊस? आहे. मग दोघंही समोरच्याला आणखी काही आठवतंय का याची वाट बघत आणि फोन संपे. चार मिनिटं. फोन ठेवल्यावर पडद्यावर आकडा येतो, म्हणून काशीरामांना ते नेमकं माहीत होतं. उरलेला रविवार मग फार मोठा वाटायचा.

मार्च महिन्यात एकदा ती म्हणाली की कामावरच्या बायकांबरोबर ती मॅच बघायला गेली होती. काशीरामांनी विचारलं, कसली मॅच. तिने सांगितलं, अंड्यासारखा चेंडू असतो, हातानेही देतात, लाथेनेही मारतात. तो फोन अकरा मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी काशीरामांनी वही काढली आणि खेळाचे नियम उतरवून घेतले.

जून उजाडेपर्यंत त्यांना खेळ कळायला लागला आणि संघाचा रोगही. लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की खेळाडूला तो घेऊन थोडा वेळ थांबता येतं, कोणी अंगावर येत नाही. बाकीचे संघ चेंडू झेलतात आणि लगेच पुढे धाडतात. ह्या संघाचा गडी झेल घेतला की थांबायचा. चार पावलं मागे जायचा. मोजे वर ओढायचा. इकडे बघायचा, तिकडे बघायचा आणि शेवटी बाजूच्याला द्यायचा. बाजूचा मागच्याला. तोवर समोरचे अठराच्या अठरा जण नीट रांगा लावून उभे राहिलेले असायचे.

काशीरामांना ते बघवत नसे. वास्तविक तालुक्याच्या एका कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली होती आणि टेबलावर आलेला कागद पुढे सरकवताना स्वतः कधी घाई केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पण इथे त्यांचा जीव कासावीस होई. मॅचच्या शेजारी बघणाऱ्यांना लिहायची जागा होती. तिथे ते कचेरीतल्या इंग्रजीत लिहीत. चेंडू विनाविलंब पुढे पाठवण्यात यावा. सदर खेळाडूकडे चेंडू बराच काळ प्रलंबित आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी. डोरीन नावाची एक बाई त्याला लगेच हसरे चेहरे टाकायची. हळूहळू बाकीचेही तसंच लिहायला लागले. तिथे सगळे त्यांना 'कॅश' म्हणत.

आणि रविवारी आम्रपालीचा फोन आला की दोघं मॅचवर बोलत. ती म्हणायची, "आप्पा, तो सहा नंबरवाला चेंडूवर नुसता बसून राहतो." काशीरामांना भरून यायचं. अगदी हेच आपण काल म्हणालो होतो. पोरीचं डोकं आपल्यासारखंच चालतं, हे त्यांनी विहारात दोघातिघांना सांगितलंही. फोन आता पंचवीस मिनिटांवर गेला होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मोठी मॅच होती. जिंकले तर पुढे, हरले तर वर्ष संपलं. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की काशीरामांनी इअरफोन कानात खोल दाबले आणि त्यामुळे आपला आवाज किती चढला आहे ते त्यांना कळेना. शेवटची सात मिनिटं उरली होती, संघ चार गुणांनी पुढे होता आणि सहा नंबरवाल्याने झेल घेऊन मोजे ओढायला सुरुवात केली.

"सोड! तुझ्या पाया पडतो, सोड!" काशीराम ओरडले. तेवढ्यात वीज गेली. विजेबरोबर वायफाय गेलं. सहा नंबरवाला वाकलेल्या अवस्थेत पडद्यावर थिजला. काशीराम कळवळून म्हणाले, "गेली! संपलं. संपलं सगळं."

वाडीत मोबाइलवर बोलता येई, पण चित्र चालायचं नाही. त्यासाठी वर कातळाच्या सड्यावर, पाण्याच्या टाकीपाशी जावं लागे. काशीरामांनी छत्री घेतली आणि मागच्या दाराने चढण धरली.

गंगुबाईंनी शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्यानंतरची शांतता ऐकली. पाऊस पडत होता, पण माणसाची शांतता वेगळी कळते. त्यांनी खिडकीतून हाक मारली. मग पुढे जाऊन दार वाजवलं. दार आतून बंद. त्यांनी मुंबईला मुलाला फोन लावला, "गमरे भाऊ दार उघडत नाय, आमूला कळव." मुलगा प्रथमेश कामात होता. त्याने आम्रपालीला कळवलं की आप्पांनी स्वतःला कोंडून घेतलं आहे. मग गंगुबाई रघूकडे धावल्या. रघू वाडीतली नळाची आणि विजेची कामं करायचा. तो पहार घेऊन आला. पहारीबरोबर आणखी सातआठ माणसं आली.

सड्यावर काशीराम एका हातात छत्री, एका हातात फोन घेऊन उभे होते. दोन मिनिटं उरली होती, आघाडी अजून चार गुणांचीच. आणि फोन वाजायला लागला. आम्रपाली. आठवडाभर ज्या फोनची ते वाट बघत, तो त्यांनी जन्मात पहिल्यांदा कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. आत्ता ती मैदानावर असणार, तिलाही राहवत नसणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिसऱ्यांदाही कापलाच.

संघाने चेंडू मागे दिला, मग आणखी मागे, आणि तिथे समोरच्याने तो हिसकावून घेतला आणि गोल मारला. एका गोलचे सहा गुण. दोन गुणांनी हरले. काशीराम थोडा वेळ टाकीला टेकून उभे राहिले आणि मग सावकाश उतरायला लागले.

इकडे रघूने कडी तोडली होती. घर रिकामं. इअरफोन खुर्चीवर, चहा अर्धा, मागचं दार सताड उघडं आणि मागे परसात विहीर. सगळे सरळ विहिरीकडे गेले. रघूने कळशी काढायचा गळ आणून पाण्यात सोडला. गंगुबाईंच्या हातातला फोन वाजला, आम्रपालीचा. "आप्पा फोन कापतायत, काकी," ती रडत सांगायला लागली. पावसात गंगुबाईंना त्यातलं 'आप्पा' एवढंच ऐकू आलं आणि त्याही रडायला लागल्या.

काशीराम परसात शिरले तेव्हा दहा पाठी त्यांच्याकडे होत्या. माणसं आपल्या विहिरीत वाकून बघतायत म्हणजे काहीतरी पडलं असणार, असा साधा हिशेब करून ते कडेला गेले, छत्री मिटली आणि वाकले. पाण्यात काही दिसेना. त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, बादली का? शेजारचा न बघता म्हणाला, "नाय हो, गमरे पडलेत."

काशीरामांनी पुन्हा एकदा नीट वाकून बघितलं.

मग गंगुबाईंची नजर त्यांच्यावर गेली. पुढची पाच मिनिटं त्या जे बोलल्या ते वाडीत अजून सांगतात. शेवटी त्यांनी फोन काशीरामांच्या हातात कोंबला. फोनचा स्पीकर चालू होता, तो बंद कसा करायचा ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"फोन का कापलात?" आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"दोन मिनिटं राहिली होती, आमू. मला वाटलं, तू पण बघतेस."

"काय बघते?"

"मॅच."

  मग तिने सांगितलं. मार्चनंतर ती मैदानावर गेलीच नव्हती. "तिथे सगळे आपापल्या माणसांबरोबर येतात, आप्पा. कामावरच्या बायकाही आपापल्या घरच्यांत जाऊन बसल्या. मी गाडीत बसून डबा खाल्ला आणि परत आले." खेळ तिला अजूनही कळत नव्हता. पण आप्पांना एवढा आवडायला लागलाय म्हटल्यावर तिला नाही म्हणवेना. वृद्धाश्रमात डोरीन नावाच्या आजी होत्या, मांडीचं हाड मोडल्यापासून खोलीतच. त्या दर शनिवारी कॉम्प्युटरवर मॅच बघायच्या. रविवारी फोन करण्याआधी आम्रपाली त्यांच्या खोलीत जायची आणि काय झालं ते पाठ करून घ्यायची.

"त्यांना पण कॅश नावाचा कोणीतरी खेळातलं समजावून सांगतो," ती म्हणाली. "जुना खेळाडू आहे म्हणे. फार जाणकार."

काशीराम, ज्यांनी आयुष्यात लगोरीच्या पलीकडे काही खेळलं नव्हतं, विहिरीच्या कठड्यावर बसले. पाच महिने ते शनिवारी जे बोलले, तेच रविवारी त्यांना परत मिळत होतं. मध्ये फक्त एक म्हातारी आणि एक समुद्र. पोरीचं डोकं आपल्यासारखं चालतं, ते त्यामुळे.

"पण तुम्हाला एवढं काय आवडलं त्या खेळात?" आम्रपालीने विचारलं.

"आवडलं असं नाही," काशीराम म्हणाले. "तू चार मिनिटांत फोन ठेवायचीस."

त्यानंतर दोघंही बोलले नाहीत आणि कोणी फोन ठेवलाही नाही. रघूने गळ वर ओढून घेतला. माणसं एकेक करून निघून गेली, जाताना उगाच पायांचा आवाज न करता.

रविवारी फोन आला तेव्हा दोघं जपून बोलले. मॅचचा विषय कोणी काढला नाही. पाऊस आहे, हे दोनदा सांगून झालं. वर्ष संपलं होतं, पण संघाची एक उरलीसुरली मैत्रीची मॅच पुढच्या शनिवारी होती. ती बघायची नाही, असं काशीरामांनी ठरवलं. आता कोणासाठी बघायची?

शनिवारी पावणेदहाला ते पुढच्या खोलीत नुसते बसले होते. तुटलेल्या कडीमुळे दार लागत नव्हतं. दहा वाजायच्या सुमारास ते ढकलून गंगुबाई आत आल्या. हातात अळूची पानं होती.

"बरं नाय का?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. का?"

"ओरडत नाय आज." त्या जरा घुटमळल्या. "मी शनवारची भाजी मागच्याच पडवीत निवडते. घरात दुसरा आवाज तो काय? तुमचा आला की वाटतं, चला, आहे कोणतरी."

"आणि पोलीस बोलवावेत, असं कधी वाटलं नाही?"

"त्यो इचार पण यायचा," गंगुबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

काशीरामांनी मॅच लावली. इअरफोनचं एक टोक त्यांनी पुढे केलं, पण परक्यांचं इंग्रजी आपल्या कानात नको, असं त्या म्हणाल्या. मग काशीरामांनी इअरफोन काढूनच टाकले. आपले कोणते, एवढं विचारून गंगुबाई गप्प झाल्या. अळूचे देठ सोलता सोलता बघत राहिल्या. सहा नंबरवाल्याने झेल घेतला, मागे गेला, मोजे ओढले. काशीरामांनी तोंड उघडलं.

"देणार कोणाला त्यो?" गंगुबाई म्हणाल्या. "पुढचे बघा की, जागचे हलत नायत. कोणी धावत येईल तर देईल ना बापडा."

काशीरामांनी पुढच्यांकडे बघितलं. खरंच कोणी हलत नव्हतं. इतके महिने ते चेंडूवाल्यावर डोळे लावून बसले होते, पुढे उभ्या असलेल्यांकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी ते तिथल्या तिथे लिहून पाठवलं, शेजारच्या बाईंचं मत म्हणून. डोरीनने विचारलं, ही बाई इतके दिवस कुठे होती?

गंगुबाई मध्येच उठल्या. भात चुलीवर होता, उतरवून येते म्हणाल्या. चुकेल, असं काशीराम म्हणाले, तर त्या म्हणाल्या की हा गडी तोवर काय हलायचा नाय.

त्या गेल्या. सहा नंबरवाला पुन्हा चेंडू धरून उभा होता. काशीरामांनी बोट पुढे केलं आणि चित्र थांबवलं. खेळाडू एक पाय पुढे टाकून, चेंडू दोन्ही हातांत धरून तसाच राहिला. भाताला पंधरा मिनिटं लागली, मग आमटीला फोडणी द्यायची राहिली होती ती दिली असावी, कारण वास आला. काशीराम उघड्या दाराकडे बघत शांत बसून होते. त्यांना कसलीही घाई नव्हती.